नऊ वर्षं मागून वाचणारे कासमभाई

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. घरात सांगण्यासारखं कुणी नाही हे एक कारण, आणि मुळात माझा स्वभाव तोंड उघडण्याचा नाही हे दुसरं. रोह्याच्या वाचनालयात ग्रंथपाल असताना मी एका माणसाशी साडेतीन वर्षं खोटं बोललो. एकदा बोलून मोकळा झालो असंही नाही. दर दहा-बारा दिवसांनी, तो टेबलापलीकडे बसलेला असताना, रजिस्टर चाळल्याचं नाटक करून बोललो. त्याच्या मेलेल्या बायकोनं कोणती पुस्तकं वाचली होती, याबद्दल.

त्या माणसाचं नाव कासमभाई. राहणार अष्टमी, म्हणजे पुलाच्या पलीकडे.

कासमभाई पुस्तक वाचून झालं म्हणून परत करत नसत, दिवस भरले म्हणून परत करत. अकरा दिवसांचं पुस्तक चौथ्या दिवशी संपलं तरी उरलेले सात दिवस ते घरी सांभाळून ठेवायचे. आणि सहा दिवसांचं पुस्तक निम्मंच झालेलं असलं, तरी सहाव्या दिवशी दुपारी साडेचारला ते माझ्या टेबलावर हजर.

“अहो, शेवट राहिला की,” मी एकदा म्हणालो.

“राहू दे. तिनं सहाच दिवस ठेवलान. मी सातवा कुठून आणू?”

“पण त्यांनी सहा दिवसांत पूर्ण वाचलं असेल.”

“वाचलं असेलच. ती हुशार. मी ढ. ढ माणसाला शेवट नाय मिळत, मास्तर.”

मी मास्तर नव्हतो. पण पुस्तकांमध्ये बसतो तो मास्तर, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडे झाडलोट करायला यशोदाबाई होत्या, मिठागरावरच्या घरातल्या. जिभेवर मिठागरच. त्या केरसुणी थांबवून म्हणायच्या, “ह्यो मानूस पुस्तक वाचतो का रोजा धरतो?”

कासमभाई मान न वळवता सांगायचे, “यशोदाबाय, रोजा संध्याकाळी सुटतो तरी. ह्यो सुटत नाय.”

सोमवारी वाचनालय बंद. पुस्तकाचे दिवस नेमके सोमवारी भरले, तर कासमभाई पुस्तक घेऊन यायचे, बंद दाराच्या पायरीवर साडेचार ते पाच बसायचे आणि परत जायचे. मंगळवारी पुन्हा येऊन म्हणायचे, “कालच रिटर्न केलंय. फक्त तुम्ही नव्हता.”

हे सगळं सुरू झालं ब्याण्णव साली. मी नुकताच त्या नोकरीवर रुजू झालो होतो. एक उंच, वाळलेला, उन्हानं पार रापलेला माणूस आत आला. सफारी शर्टाच्या खिशाला दोन पेनं, कानामागे पेन्सिलीचा तुकडा. त्यानं एक जुनं सभासद कार्ड टेबलावर ठेवलं. क्रमांक दोनशे चौदा. नाव रुकय्या.

“ह्या मेंबरनं काय काय इश्यू करून घेतलेलान, ते पायजे.”

“त्या स्वतः आल्या नाहीत?”

“ती नाय येणार. तीन वर्षं झाली.”

कासमभाईंनी बावीस वर्षं कुवेतला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काढली होती. नट-बोल्टपासून क्रेनच्या दोरापर्यंत सगळा माल त्यांच्या ताब्यात. दोन वर्षांनी एकदा पंचेचाळीस दिवसांची रजा. “जोडा तुम्ही,” ते मला म्हणाले होते. “बावीस वर्षांत आम्ही दोघं एका छपराखाली दीड वर्ष पण नाय भरत.” एकोणनव्वदच्या मार्चमध्ये रुकय्याभाभींना ताप आला, डोक्यात गेला, तीन दिवसांत सगळं संपलं. तार त्यांना आठ दिवसांनी मिळाली. पुढच्या वर्षी तिकडे लढाई पेटली आणि कासमभाई एक हातबॅग घेऊन कायमचे घरी आले. घरात माणूस नव्हतं. ट्रंकेत साड्यांखाली हे कार्ड होतं.

“ती वाचते हे मला ठाऊकच नाय. पत्रात कधी लिहिलं नाय. छप्पर गळतं, खतिजाची पोर पास झाली, तब्येतीला जपा, एवढंच. आणि इथं बघतो तर मेंबर!”

मी जुनी देवघेवीची रजिस्टरं काढली. त्यात तारीखवार नोंदी असत: सभासदाचा क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. दोनशे चौदाची पहिली नोंद त्र्याऐंशीच्या मार्चमधली निघाली. मी पुढची पानं उलटू लागलो तसा त्यांनी रजिस्टरवर पंजा ठेवला.

“एका वेळी एकच. पुढचं बघायचं नाय, यादी करायची नाय. तिला तरी पुढचं कुठं ठाऊक होतं?”

स्वतः रजिस्टरात डोकवायलाही ते तयार नव्हते. नजर चुकून पुढच्या ओळीवर जाईल ही भीती. मी वाचून सांगायचं, ते ऐकणार. पुस्तक कोणतं आणि किती दिवस. एक परत केलं की दुसरं. म्हणजे ब्याण्णव साली ते त्र्याऐंशी साल जगायला लागले. बायकोच्या बरोबर नऊ वर्षं मागून, त्याच चालीनं.

पुस्तक ताब्यात घेताना त्यांची स्टोअरकीपरी बाहेर यायची. पानं मोजायची. दुमडलेले कोपरे, शाईचे डाग, सुटलेली शिवण, सगळं डायरीत टिपायचं. परत करताना, “माल तपासून घ्या, मास्तर. एकेचाळीसवर डाग हाय, तो आधीचा. शहाण्णववर चहाचा हाय, तो माझा. गुन्हा कबूल.” त्या डायरीत प्रत्येक पुस्तकापुढे चार रकाने आखलेले असत. इश्यू, रिटर्न, दिवस, आणि चौथा: कारण.

या चौथ्या रकान्यासाठी सगळा खटाटोप. रुकय्यानं हे पुस्तक का घेतलं असेल? कारण सापडेपर्यंत रकाना कोरा. आणि कासमभाईंना कोरा रकाना सहन व्हायचा नाही.

एक पुस्तक मधमाशांवरचं निघालं. चौदा दिवस. कासमभाई चक्रावले. “रुकय्या मधमाशा पाळणार होती काय?” चौथी पास माणूस ते; बोट ठेवून, अंगणात बसून, मोठ्यानं वाचायचे. शेजाऱ्यांना वाटायचं काहीतरी पाठ करताहेत. राणी माशी, कामकरी माशी, पोळ्याची रचना, सगळं वाचलं, तरी कारण कळेना. मग ते मेहुणीकडे, खतिजाबींकडे गेले. त्या म्हणाल्या, परसातल्या आंब्याला आग्यामोहोळ आलं होतं. सगळे म्हणाले जाळून टाका. रुकय्या म्हणाली, थांबा, आधी बघू तरी आत काय चालतं ते.

साडेचारला येऊन त्यांनी मला डायरी दाखवली. ‘कारण: जाळायच्या आधी बघायचं होतं.’

मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. पण त्या दिवशी मला ती दिसली.

मग लोणच्यांचं पुस्तक आलं. एकोणीस दिवस. कासमभाई रागावले. “असलं लोणचं मला कधी घातलं नाय. कुणाला घातलान?” चौकशीअंती नोंद पडली: ‘पाव्हण्यांना. (मी नव्हतो.)’ विहिरीवरच्या पंपाच्या दुरुस्तीचं पुस्तक आलं. आठ दिवस. “मी तिकडून लिहायचो, मिस्त्रीला बोलाव, मिस्त्रीला बोलाव. आणि ही पाना घेऊन खाली उतरलेली!” हे सांगताना ते इतके हसले की वर्तमानपत्र वाचायला बसलेली दोन म्हातारी माणसं उठून बाकाच्या टोकाला गेली.

आणि एक जाडजूड कादंबरी होती, तिच्यापुढे दिवस लिहिला होता एक. कासमभाईंनी इमानानं एका दिवसात जेवढी झाली तेवढी वाचली, बावीस पानं, आणि दुसऱ्या दिवशी खुशीत आले. “नाय आवडली! मला पण नाय आवडली! बघा, जमलं की नाय आमचं?”

अशी एकसष्ट पुस्तकं झाली. दोन वर्षं गेली. रजिस्टरात आम्ही पंच्याऐंशी साली पोचलो.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात वाचनालयाची तपासणी ठरली. वाचनालयाला वरचा वर्ग, म्हणजे जास्त अनुदान, मिळायचं होतं. मला ते काम चोख करून दाखवायचं होतं. मागच्या खोलीत वाळवीनं खाल्लेलं, धुळीनं भरलेलं बरंच काही पडलं होतं. मी रद्दीची यादी केली, मीच सही केली. पेणजवळच्या जोह्याच्या एका गणपती कारखान्याचा टेम्पो रोह्याला यायचा, रद्दी घेऊन जायचा. मूर्ती ट्रकात भरताना मध्ये कागद कोंबावा लागतो. त्यांच्या माणसांनी पोती भरली. तपासणी छान झाली. साहेबांनी खोली स्वच्छ असल्याचा शेरा दिला.

जूनमध्ये कासमभाई बासष्टावं पुस्तक मागायला आले. मी कपाट उघडलं. रजिस्टर नव्हतं. तपासणीच्या घाईत मीच देवघेवीची जुनी चारही रजिस्टरं मागच्या खोलीत नेऊन ठेवली होती; रद्दीच्या पोत्यांत तीही गेली होती.

“सापडत नाहीये. दोन दिवसांनी या,” मी म्हणालो.

“दोन दिवस? मग माझे दिवस चुकतील.”

“चुकू देत हो दोन दिवस!” मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडलो. ते उठले. घड्याळाकडे बघून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जोह्याला गेलो. कारखान्यात न रंगवलेले पांढरे गणपती ओळीनं बसलेले. मालकांना कसंबसं सांगितलं.

“ती जाड पुठ्ठ्याची चोपडी? अवो, ती लय कामाला आली! कागद कसा कडक होता. परवाच दोन ट्रक गेले मुंबईला. सोंडेखाली, कानामागं, सगळं तुमचंच कागद हाय.” मग माझा चेहरा बघून, “काय होतं काय त्याच्यात?”

“जुन्या नोंदी.”

“मग झालं की. देवाच्या कामाला आल्या.”

उरलेल्या गठ्ठ्यात मी तासभर चुरगळलेले कागद उलगडत बसलो. कारागीर माझ्याकडे बघून आपसांत हसत होते. एका फाटक्या पानावर क्रमांक दिसला, दोनशे चौदा. त्यापुढचा भाग फाटून गेलेला. मी ते पान आणलंसुद्धा नाही. आणून काय करणार होतो?

येताना एसटीत ठरवलं, खरं सांगायचं. तेवढा मी वाईट माणूस नव्हतो. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी साडेचारला कासमभाई आले, समोर बसले, कानामागची पेन्सिल काढली. “सापडलं?”

टेबलावर एक पुस्तक पडलेलं होतं. मीच वाचून आदल्या दिवशी ठेवलेलं. डोंगरावरच्या तारघरात एकट्यानं नोकरी करणाऱ्या माणसाच्या आठवणी. माझ्या तोंडून निघालं, “हो. हे. नऊ दिवस.”

त्यांनी पानं मोजली आणि पुस्तक घेऊन गेले. एवढंच. खोटं बोलायला इतका कमी वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

इथपर्यंत कुणी ऐकलं तर म्हणेल, बिचारा घाबरला, त्याला दुखवायचं नव्हतं म्हणून बोलला. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगितलं. ते खरं नाही. पहिलं खोटं भीतीनं बोललो. पुढची मी आवडीनं बोललो.

मी तेव्हा रोह्यात एका खोलीत एकटा राहत होतो. सकाळी खानावळ, संध्याकाळी वाचनालय. पुस्तकं मी खूप वाचायचो. पण वाचलेल्याबद्दल कुणाशी एक शब्द बोलावा, असं माणूस मला आयुष्यात मिळालं नव्हतं. लोक पुस्तक बदलायचे आणि जायचे. आणि इथं एक माणूस मी दिलेलं पुस्तक अंगणात बसून मोठ्यानं वाचत होता, पान न पान मोजत होता, आणि परत करताना अर्धा तास बोलत होता! तारघरवालं पुस्तक परत करताना ते म्हणाले, “मास्तर, तो माणूस तार आली की आधी हात पुसतो. बघितलंत?” मी बघितलं होतं. ते वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो, ते हेच पान.

मग मी माझी पुस्तकं काढायला लागलो. एकेक करून. तिशीत वाचलेली, पुन्हा पुन्हा वाचलेली. मुक्या भावाला सांभाळणाऱ्या शिक्षकाची. परत न आलेल्या मुलाचं ताट रोज वाढणाऱ्या बापाची. कधीच न टाकलेल्या पत्रांची. मी रिकाम्या कपाटात वाकून, कोरी वही उलटून सांगायचो, “हे. बारा दिवस.” आणि बारा दिवस वाट बघायचो. कासमभाईंना वाटायचं, ते बायकोला भेटताहेत. भेटत होते मला.

फक्त तो चौथा रकाना. खतिजाबींना आता काही सांगता येईना. तारघर म्हणजे काय तेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग कासमभाईंना कारण स्वतःच शोधावं लागलं. पहिल्यांदा त्यांनी बरेच दिवस रकाना कोरा ठेवला. मग लिहिलं, ‘एकटं वाटत असेल.’ पुढच्या पुस्तकापुढे ‘कुणाची तरी वाट बघत असेल.’ त्याच्या पुढे नुसतं ‘तेच.’ ‘तेच.’ ‘तेच.’ ते डायरी माझ्यासमोर उघडून ठेवायचे, आणि मी ती ओळ उलटी वाचायचो.

त्यांचं हसणं कमी झालं. मी म्हटलं वय झालं.

शहाण्णवच्या मे महिन्यात वाचनालयाच्या वार्षिक सभेची गडबड होती. कासमभाई आले तेव्हा मी इतिवृत्त लिहीत होतो. एक पातळ, शंभर पानांचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

“किती दिवस?”

“छत्तीस.” सव्वीस म्हणायचं होतं की सोळा, मला आजही सांगता येणार नाही. तोंडाला येईल तो आकडा बोललो.

कासमभाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. तोवर सगळ्यात मोठा आकडा बावीस होता.

“छत्तीस? नीट बघा. कधीपासून?”

“बारा मे. परत सतरा जून,” मी वहीत बोट फिरवून सांगितलं. आकडा बरोबर बसला याचं मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

अर्थात छत्तीस दिवस ते आले नाहीत. यशोदाबाई अष्टमीच्या बाजारात जायच्या. त्या सांगायच्या, “तुमचा तो कुवेतवाला मासळी घ्यायला उभा होता. कोळणीनं तीनदा इचारलं काय देऊ, तर बघत बसला. आजारी हाय का तो?”

विसाव्या दिवशी खतिजाबी वाचनालयात आल्या. ठेंगणी, डोक्यावर पदर घट्ट ओढलेली म्हातारी. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“तुम्हीच ते मास्तर? तुमची वही काय बोलते ती मला दाखवा.”

“कशासाठी?”

“सत्याऐंशीच्या मे महिन्यात माझ्या लेकीचं लग्न होतं. रुकय्या महिनाभर माझ्या घरी. हळदीत नाचली, न्हवऱ्याच्या मामाची नक्कल केलीन, बायका हसून लोळल्या. पुस्तक वाचायला फुरसत कुणाला होती? आणि हा सांगतो ती छत्तीस दिवस पुस्तक उशाला घेऊन रडत होती. रोज दुपारी कब्रस्तानात जाऊन बसतो. उन्हाचा. माफी मागतो तिची.”

“माफी कसली?”

“त्या साली तो रजेवर यायचा होता. आला नाय. कंपनीनं रजेचे पैसे दिले, घेतलेन. मेच्या सुरुवातीला पत्र आलं, येत नाय म्हणून. तिनं वाचलं, बोलली ‘बरं, पुढच्या वर्षी’, आणि लग्नाच्या भांड्यांना बसली. मी समोर होते. हे मी त्याला शंभरदा सांगितलं. तर मला काय बोलतो ठाऊक हाय? खतिजा, माणूस विसरतो, एंट्री विसरत नाय.” त्यांनी हात पुढे केला. “काढा वही. मला वाचता येत नाय, पण मी कुणाकडून तरी वाचून घेईन.”

त्या वेळी वाचनालयात आम्ही दोघंच होतो. याहून सोपी वेळ देवानं मला पुन्हा दिली नाही.

मी म्हणालो, “ती रजिस्टरं तपासणीला वर पाठवली आहेत.”

खतिजाबींनी माझ्याकडे बघितलं. मग हात मागे घेतला. “बरं,” त्या म्हणाल्या. “आली की सांगा.” आणि सावकाश पायऱ्या उतरून गेल्या. त्यांना कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही.

छत्तिसाव्या दिवशी साडेचारला कासमभाई आले. दाढी वाढलेली. पानं न मोजताच पुस्तक ठेवलं.

“मास्तर, शंभर पानांचं पुस्तक माणूस छत्तीस दिवस कधी ठेवतो? वाचत नसतो तेव्हा. पुस्तक उशाशी असतं आणि माणूस छपराकडं बघत असतो.”

“खतिजाबी म्हणतात…”

“ती चांगली हाय. माझं मन राखते. मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. माणसं येऊन शपथा घ्यायची, माल नेला नाय, माल आणून दिला. मी एकच सांगायचो, एंट्री दाखव. एंट्री कधी खोटं बोललेली मी बघितली नाय.”

मी म्हणालो, “असेल.”

हाच तो माझा शब्द. मी त्यांना पुढे होऊन खड्ड्यात लोटलं नाही, बाहेर काढायला हात पण दिला नाही. म्हणालो, असेल. आणि त्यांना पुढचं पुस्तक काढून दिलं.

त्यानंतरचं दीड वर्ष मी आनंदी पुस्तकं शोधत होतो. प्रवासाची, शिकारीची, बागेची. उपयोग झाला नाही. बागेचं पुस्तक दिलं तर डायरीत आलं, ‘कारण: मन रमवत असेल.’

आणि नोंदी पुढे सरकत होत्या. अठ्ठ्याऐंशी संपत आलं. एकोणनव्वदचा जानेवारी जवळ आला. आमच्या बाहेरच्या जगात अठ्ठ्याण्णवचा. मार्चमध्ये त्या बाईला पुन्हा मरावं लागणार होतं, आणि तिच्या हातातलं शेवटचं पुस्तक मला ठरवायचं होतं. तेवढ्यात पेणच्या एका वाचनालयात जागा निघाली. पगार तोच, काम जास्त. मी अर्ज केला.

जानेवारीत, जायच्या आठवड्यात, कासमभाईंना सांगितलं. ते म्हणाले, “मग नव्या माणसाला सांगून ठेवा, कुठपर्यंत आलोय ते. रजिस्टर दाखवून ठेवा.”

“नोंदी संपल्या, कासमभाई. हीच शेवटची. नऊ जानेवारीला परत केलं. पुढे दोनशे चौदा नाही.”

ते बोटांवर मोजायला लागले. “ती मार्चला गेली. म्हणजे दोन महिने तिनं काहीच नेलं नाय?”

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

कासमभाईंनी डायरी काढली, पहिल्या पानापासून सावकाश उलटत गेले. यशोदाबाई केरसुणी घेऊन दारात उभ्या होत्या.

“हे बघा,” ते म्हणाले. “सुरुवातीला कशी हाय. हे काय, ते काय, सगळ्यात नाक खुपसायची. मग इथं, पंच्याऐंशीला, कायतरी झालं. इथून पुढं सगळी एकट्या माणसाची पुस्तकं. एकट्या माणसालाच अशी निवडता येतात, मास्तर. मी तिकडं नट-बोल्ट मोजत होतो आणि इथं माझी बायको अशी होत गेली.” त्यांनी बोट बरोबर एकसष्ट आणि बासष्टच्या मधल्या रेघेवर ठेवलं होतं. स्टोअरकीपरची नजर. दोन माणसांचा माल एकाच खात्यात आलाय, हे त्यांनी ओळखलं होतं. फक्त दुसरा माणूस कोण, हे त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं, कारण तो समोर बसला होता आणि त्यांचा त्याच्यावर विश्वास होता.

मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “तुमचे उपकार हाईत. तुम्ही नसता तर मला ती कळलीच नसती.”

मी पेणला आलो त्याला आता सव्वा वर्ष झालं. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. कासमभाई अष्टमीतच आहेत. रोह्याचं कुणी भेटलं की मी आडून विचारतो. अजून दुपारी कब्रस्तानात बसतात म्हणे. पेणहून रोह्याची एसटी दीड तासात पोचते, आणि माझा सोमवार मोकळा असतो.

मी त्यांचं देणं लागतो ते असं. पहिली एकसष्ट पुस्तकं तिनं निवडली. पुढची सगळी मी निवडली. ते छत्तीस दिवस कधी झालेच नाहीत, शेवटच्या दोन महिन्यांत ती वाचत नव्हती असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि त्या लग्नाबद्दल खतिजाबी सांगतात ते खरं आहे. एवढं मला त्यांना समोर बसून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.